दुरुस्तीच्या ग्रंथाचा लेखक व त्याचा संपादक : किर्लोस्करवाडी आणि वाई यांच्या संदर्भात

१

रेडिओ, ध्वनिविवर्धक, दूरचित्रवाणी संच इत्यादी उपकरणांची दुरुस्ती शिकविणारी मराठी पुस्तके वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत क्वचितच आली आहेत. ती विद्यार्थ्यांच्या व कारागिरांच्या हाती गेली, वापराने मळली, आणि नव्या बनावटीचे संच बाजारात येताच निरुपयोगी ठरून टाकून दिली गेली. ग्रंथालयांना ती फारशी संग्राह्य वाटली नाहीत. ललित वाङ्मयाच्या समीक्षकाला त्यांत शैली दिसली नाही आणि विज्ञानाच्या अध्यापकाला त्यांत शास्त्र अपुरे वाटले. अशा रीतीने हा ग्रंथप्रकार दोन्ही घरचा पाहुणा होऊन उपाशी राहिला.

या पुस्तकांचा विचार करू लागताच पहिला प्रश्न कर्तृत्वाचा उद्‌भवतो. मुखपृष्ठावर एकाच व्यक्तीचे नाव असते. परंतु ज्याच्या हाताला दुरुस्ती येते त्याला ती लिहिता येतेच असे नाही, आणि ज्याला लिहिता येते त्याने संच उघडलेला असतोच असे नाही. म्हणून या दोघांच्या सहकार्यावाचून असा ग्रंथ सहसा सिद्ध होत नाही. परदेशांत हे सहकार्य उघड दिसते. अमेरिकेत जॉन रायडर याने १९३१ पासून निरनिराळ्या कारखान्यांच्या संचांच्या मंडलाकृती एकत्र करून त्यांचे जाडजूड खंड काढले. आल्फ्रेड घिरार्डी याचा ‘मॉडर्न रेडिओ सर्व्हिसिंग’ हा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. हॉवर्ड सॅम्स याच्या संस्थेने तर १९४६ पासून प्रत्यक्ष संच उघडून, त्यांची छायाचित्रे घेऊन आणि सर्व मंडलाकृती एकाच संकेतपद्धतीने रेखाटून ‘फोटोफॅक्ट’ या नावाची मालिका चालविली. तेथे तपासनीस, आरेखक व संपादक हे मिळूनच लेखक होत.

मराठीत हे सहकार्य झाले तरी त्याची नोंद राहिली नाही. साहित्यिकांच्या सहवासाच्या आठवणी मराठीत विपुल आहेत. कवीने कोणत्या ओळीसाठी प्रकाशकाशी वाद घातला हे वाचकाला ठाऊक असते. तंत्रविषयक लेखकाने कोणते वाक्य का बदलले हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. या विस्मृतीमुळे केवळ चरित्रात्मक माहितीची हानी होते असे नाही. असा ग्रंथ चांगला कशाने होतो, या प्रश्नाचे उत्तर देणारी मुख्य सामग्रीच नाहीशी होते. प्रस्तुत विवेचनात त्या प्रश्नाचा विचार सातारा व सांगली या जिल्ह्यांतील दोन स्थळांच्या आधारे केला आहे. किर्लोस्करवाडी किंवा वाई ही रेडिओदुरुस्तीच्या पुस्तकांची पेठ होती असा याचा अर्थ नाही. जाणणारा आणि लिहिविणारा यांच्या संबंधाला संस्थेचे रूप येथे लाभले, म्हणून ही स्थळे विचारार्ह ठरतात.

२

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आपला कारखाना वसविला. हे स्थळ आज सांगली जिल्ह्यात मोडते. १९६० पर्यंत तो जिल्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जात होता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत असतानाच्या काळात किर्लोस्करांनी तो नांगर विकावयास काढला होता. त्यामुळे यंत्र बनविण्याइतकेच ते समजावून सांगण्याचे काम निकडीचे ठरले. १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके त्याला येऊन मिळाली.

या मासिकांची सामाजिक कामगिरी सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. संपादक शंकरराव हे शिक्षणाने चित्रकार होते, यंत्रज्ञ नव्हते. यंत्र जाणणारी माणसे कारखान्यात होती व ते वापरणारी दूर गावी होती. या दोहोंच्या मध्ये संपादक उभा होता. त्याचे अज्ञान हेच येथे त्याचे अधिकारपत्र ठरते. जे त्याला समजत नाही ते गावच्या गिऱ्हाइकालाही समजणार नाही, हा त्याचा निकष होय. शिवाय चित्रकार असल्यामुळे कोणती गोष्ट शब्दाने सांगावी आणि कोणती रेषेने दाखवावी याचा विवेक त्याला सहज असतो. दुरुस्तीच्या ग्रंथात तर आकृती हा मजकुराचा अलंकार नसून अर्धा मजकूरच असतो. शंकररावांचे ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण कारखान्याच्या पत्रातून संपादनाच्या व्यवसायात गेलेल्या माणसाची ती स्वमुखाने सांगितलेली हकीकत आहे. मात्र अशा आठवणींचे स्वाभाविक बंधनही ध्यानी ठेवले पाहिजे. संपादकाच्या आठवणींत माणसे येतात, मतभेद येतात, अंकांचे खप येतात. खोडलेले वाक्य व त्याच्या जागी आलेले वाक्य ही जोडी बहुधा येत नाही.

३

कृष्णाकाठच्या वाईची परंपरा याहून निराळी आहे. प्राज्ञपाठशाळेच्या परिसरात केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ व ‘धर्मकोश’ यांचे काम झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाची योजना त्यांच्या नेतृत्वाखाली वाईत आकारास आली. ‘परिभाषा संग्रह’ १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. न्याय व मीमांसा यांत मुरलेल्या पंडिताच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिकी, ट्रँझिस्टर तंत्रविद्या, दूरचित्रवाणी यांसारख्या विषयांवरील नोंदी सिद्ध व्हाव्यात, ही मराठीच्या इतिहासातील लहान घटना नव्हे.

विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. परंतु तिची घडण संपादनाच्या शिस्तीतून होते. प्रथम व्याख्या, मग तत्त्व, मग रचना, मग कार्यपद्धती, शेवटी प्रकार व उपयोग असा तिचा सामान्य क्रम असतो. वाक्य कर्मणी किंवा भावे प्रयोगाकडे झुकते. उपकरण ‘वापरले जाते’, दाब ‘मोजला जातो’. वापरणारा व मोजणारा दृष्टीआड राहतो. कोशाला हे योग्यच आहे, कारण कोशाच्या वाचकाला जाणावयाचे असते. दुरुस्तीच्या पुस्तकाच्या वाचकापुढे मात्र एक बंद पडलेला संच असतो आणि संचाचा मालक दुकानाबाहेर उभा असतो. त्याचा क्रम उलटा असतो. प्रथम लक्षण, मग संभाव्य कारणे, मग परीक्षा, मग कृती. तत्त्वाची गरज त्याला या परीक्षेच्या वेळी भासते, त्यापूर्वी नाही.

वाईने तत्त्वाचे गद्य घडविले आणि किर्लोस्करवाडीने गिऱ्हाइकाशी बोलणारे गद्य घडविले, असे स्थूलमानाने म्हणता येईल. दुरुस्तीच्या ग्रंथाला दोन्ही हवीत. पहिले नसेल तर पुस्तक म्हणजे तोडग्यांची यादी होते, आणि दुसरे नसेल तर ते परीक्षेसाठी पाठ करावयाचे टिपण होते.

४

या दोहोंचा सांधा कोठे जुळतो हे पाहण्यासाठी दुरुस्तीच्या पुस्तकाचे मूळ वाक्यच तपासले पाहिजे. ते वाक्य विध्यर्थी असते. ‘पहावे’, ‘मोजावे’, ‘बदलावा’ ही रूपे मराठी गद्याला व पद्याला नवीन नाहीत. सज्जनगडच्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षर कसे असावे, साधने कोणती जमवावीत, असा तो रोकडा उपदेश आहे. म्हणजे हाताच्या कामाला शब्द देण्याची रीत या प्रदेशात साडेतीनशे वर्षांची आहे.

विध्यर्थी वाक्याचे विश्लेषण भारतीय परंपरेत मीमांसाशास्त्राने केले आहे. ‘करावे’ असे म्हटल्याबरोबर तीन आकांक्षा उत्पन्न होतात. काय साधावे, कशाने साधावे व कसे साधावे. यांची उत्तरे म्हणजे साध्य, साधन व इतिकर्तव्यता. यांतील एकही अपुरी राहिली तर विधिवाक्य अपुरे राहते. यज्ञासाठी तयार झालेले हे साधन रेडिओच्या दुरुस्तीला लावणे काहींना विनोदी वाटेल. परंतु प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

व्हॉल्व्हच्या जुन्या संचासंबंधी असे वाक्य कल्पावे : ‘संच घुमत असेल तर फिल्टर कंडेन्सर बदलावा.’ जाणत्या कारागिराला हे वाक्य पूर्ण वाटते. साध्य आहे, ते म्हणजे घूं असा आवाज थांबणे. साधनही आहे, ते म्हणजे कंडेन्सर बदलणे. इतिकर्तव्यता मात्र संपूर्णपणे गळाली आहे. संच बंद करून वायरची खूण भिंतीच्या खोबणीतून काढावी. त्यानंतरही कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब साठून राहिलेला असू शकतो, म्हणून काही हजार ओहमच्या रोधकातून तो उतरवावा. मीटर लावून तो शून्यावर आल्याची खात्री करावी. नव्या कंडेन्सरची धन व ऋण टोके जुन्याप्रमाणे जोडावीत. त्याची दाब सोसण्याची क्षमता जुन्याहून कमी नसावी. लेखकाने हे सर्व वगळले ते आळसाने नव्हे. त्याच्या हाताला ते इतके अंगवळणी पडले आहे की ती स्वतंत्र कृती आहे हेच त्याच्या ध्यानी येत नाही. अनुभव जितका जुना तितकी ही गळती अधिक. येथे संपादकाने ‘कसे?’ एवढा एकच प्रश्न विचारला तर वाक्याचा परिच्छेद होतो, आणि न विचारला तर नवशिक्याचा जीव धोक्यात येतो. शैलीच्या दोषाने प्राणहानी होऊ शकेल असे वाङ्मयप्रकार थोडे आहेत. त्यांत याची गणना केली पाहिजे.

साम्याची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. वैदिक विधीचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानले आहे. दुरुस्तीच्या विधीचे प्रामाण्य संच पुन्हा बोलू लागण्यावर अवलंबून असते. म्हणून येथे तीन आकांक्षांना चौथी जोडावी लागते : ‘हेच का?’ संच घुमण्याचे कारण फिल्टर कंडेन्सरच आहे, अन्य काही नाही, हे कशावरून ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर देताना लेखकाला तत्त्वाकडे जावेच लागते, आणि वाईचे गद्य किर्लोस्करवाडीच्या गद्याला येथे येऊन मिळते.

५

हे तत्त्व किती आवश्यक आहे ते याच उदाहरणावरून दिसेल. आपल्याकडील विजेची कंप्रता सेकंदाला ५० आवर्तने इतकी आहे. ज्या संचात रोहित्र असून विजेच्या दोन्ही अर्धलहरींचे एकदिशीकरण होते, त्यात फिल्टर कंडेन्सर निकामी झाल्यावर येणारी घुमघुम १०० आवर्तनांची असते. त्याच संचात ५० आवर्तनांची घुमघुम आली तर दोष बहुधा अन्यत्र, उदाहरणार्थ व्हॉल्व्हच्या तापतंतूच्या बाजूस, शोधावा लागतो. दोन स्वरांत एका सप्तकाचे अंतर आहे. मिरजेच्या तंतुवाद्यकारागिराला ते क्षणात कळेल. पुस्तकाच्या वाचकाला ते ऐकावयास सांगावे लागते.

परंतु विजेच्या दोन्ही प्रकारांवर चालणारे, रोहित्र नसलेले स्वस्त संचही घरोघर होते. त्यांत एकाच अर्धलहरीचे एकदिशीकरण होत असल्यामुळे फिल्टर कंडेन्सरच्या दोषाची घुमघुमही ५० आवर्तनांचीच असते. म्हणजे पहिल्या संचावरून शिकलेला नियम दुसऱ्या संचात जसाच्या तसा लावला तर चकवा होतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, पहिल्या प्रकारात धातूचा सांगाडा विजेच्या मुख्य तारेपासून रोहित्रामुळे अलग असतो, तर दुसऱ्या प्रकारात तो तिला थेट जोडलेला असू शकतो. पहिल्या संचात निर्धास्तपणे टेकविलेला हात दुसऱ्या संचात प्राणघातक ठरेल.

मीमांसकांनी या अडचणीचाही विचार केलेला आहे. दर्शपूर्णमास हा सर्व इष्टींची प्रकृती मानला असून त्याचा विधी तपशिलाने सांगितला आहे. इतर इष्टी त्याच्या विकृती होत. प्रकृतीतील अंगे विकृतीत आणणे हा अतिदेश, आणि आणताना देवता वा द्रव्य बदलल्यास मंत्रातही अनुरूप बदल करणे हा ऊह होय. दुरुस्तीचे प्रत्येक पुस्तक एखादा संच प्रकृती म्हणून घेते आणि बाकीच्या शेकडो संचांसाठी वाचकाच्या अतिदेशावर विसंबते. प्रश्न असा की, कोणते अंग जसेच्या तसे न्यावयाचे आणि कोठे ऊह करावयाचा हे ते सांगते काय? अनेक पुस्तके हे सांगत नाहीत. एका संचाची मंडलाकृती, तिचे वर्णन व दोषांचे कोष्टक दिले की लेखकाला आपले काम संपले असे वाटते. उत्तम पुस्तक कोष्टकाच्या आधी सीमारेषा आखते : हे रोहित्र असलेल्या संचापुरते खरे, ते सर्वत्र खरे. मध्यम व उत्तम यांतील भेद ओळखण्याची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

ही कसोटी व्हॉल्व्हबरोबर कालबाह्य झालेली नाही. आजच्या दूरचित्रवाणी संचातील वा संगणकातील वीजपुरवठ्याच्या पहिल्या भागात मुख्य विजेचे थेट एकदिशीकरण होते आणि तेथील कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो. उपकरण पालटले, कंडेन्सर उतरविण्याची इतिकर्तव्यता कायम आहे.

६

परिभाषेचा वाद या संदर्भात नव्याने पाहता येतो. दाते व कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ मध्ये निघाला. विश्वकोशाने ती परंपरा पुढे नेली. धारित्र, रोधक, विवर्धक, आंदोलक, अर्धसंवाहक हे शब्द अर्थवाही आहेत. ‘धारित्र’ म्हणताच ते विद्युत्‌भार धारण करते हे कळते, आणि संच बंद केल्यावरही त्याला हात का लावू नये याचे अर्धे कारण त्या नावातच सापडते. ‘कंडेन्सर’ या शब्दातून हे कळत नाही. परंतु सांगलीच्या वा कऱ्हाडच्या दुकानात ‘धारित्र द्या’ म्हणणाऱ्याला वस्तू मिळणार नाही. दुरुस्तीच्या पुस्तकातील शब्दाने वाचकाला बाजारापर्यंत पोचविले पाहिजे आणि तत्त्वापर्यंतही पोचविले पाहिजे. म्हणून प्रथमोल्लेखी दोन्ही शब्द देऊन, कृतीच्या वाक्यात बाजारी शब्द व कारणाच्या वाक्यात पारिभाषिक शब्द योजणे हा मार्ग श्रेयस्कर दिसतो. ‘रोहित्र’ शब्दाचा इतिहास बोधप्रद आहे. वीजपुरवठ्याच्या कागदपत्रांत तो रुळला, तरी शेतकरी त्याच वस्तूला ‘डीपी’ म्हणतो आणि दोघांचे व्यवहार अडत नाहीत. शब्द टिकतो तो व्यवहाराच्या वाटेवर भेटला तर.

येथेही निर्णय एकट्या लेखकाचा नसतो. कारागीर लेखक ‘कंडेन्सर’ लिहितो, अध्यापक लेखक ‘धारित्र’ लिहितो; दोघांनाही दुसऱ्या शब्दाची आठवण करून देणारा तिसरा मनुष्य लागतो.

७

वरील विवेचनातून संपादकाच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट होते. तो भाषा सुधारणारा लेखनिक नव्हे. साध्य, साधन, इतिकर्तव्यता व हेतू यांविषयी प्रश्न विचारून हातातले ज्ञान वाक्यात उतरविणारा तो सहकर्ता होय. परंतु त्याचे प्रश्न छापले जात नाहीत, केवळ त्यांची उत्तरे छापली जातात. आणि उत्तरे लेखकाच्या नावावर जमा होतात. उलटपक्षी, ज्या पुस्तकाला असा प्रश्नकर्ता लाभला नाही त्यातील उणिवाही लेखकाच्याच माथी मारल्या जातात. दोन्ही ठिकाणी न्याय होत नाही.

म्हणून अशा लेखकांसमवेत काम केलेल्यांच्या आठवणी हे समीक्षेचे साधन मानले पाहिजे. मात्र त्या आठवणींकडून मागावयाचे ते वेगळे आहे. लेखक किती तऱ्हेवाईक होता, हस्तलिखित किती उशिरा आले, यापेक्षा कोणत्या वाक्याशी संपादक अडला, लेखकाने तोंडी काय सांगितले, आकृती कितीदा बदलली आणि का, हे विचारले पाहिजे. मुद्रिते, आकृत्यांचे कच्चे आराखडे, समासातील टिपणे मिळतील तेथून मिळविली पाहिजेत. कारण स्मृती उदार असते व कागद काटेकोर असतो.

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. सांगलीत १९४७ मध्ये स्थापन झालेले व पुढे वालचंद यांचे नाव धारण केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९६३ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे केंद्र आहे. वाईत विश्वकोशाचा संपादकीय वारसा आहे. या परिसरात रेडिओ ऐकणारे, दुरुस्त करणारे, शिकविणारे व त्यासंबंधी लिहिणारे एकाच काळी नांदले. मराठी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी एवढे क्षेत्र पुरेसे आहे, आणि त्याचे साक्षीदार वयोवृद्ध असल्यामुळे ते काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

या अभ्यासाला आजच्या व्यवहारातही प्रयोजन आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने उत्पादकांची दुरुस्तिविषयक माहिती एकत्र उपलब्ध करून देण्याचा उपक्रम सुरू केला. परंतु माहिती मिळण्याचा अधिकार हा ती समजण्याचा अधिकार नव्हे. परभाषेतील पुस्तिका शब्दशः मराठीत आणल्याने तो मिळणार नाही. कारण मूळ लेखकाने जी इतिकर्तव्यता आपल्या वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले, ती कऱ्हाडच्या वा तासगावच्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. ‘कसे?’ आणि ‘हेच का?’ हे प्रश्न मराठीतूनच, मराठी वाचकाच्या वतीने, विचारावे लागतील. ते विचारणारे यापूर्वीही होते. त्यांची नावे मुखपृष्ठांवर नाहीत. त्यांचे काम मात्र ज्या ज्या पुस्तकात वाचकाचा हात सुरक्षित राहिला त्या पुस्तकात शिल्लक आहे.